चार बोटं खाली

आमच्या अंगणाच्या एका टोकाला अप्पांचं घर, दुसऱ्या टोकाला काकांचं, आणि बरोबर मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये एक ट्रॅक्टर. अप्पा म्हणजे माझे वडील, काका त्यांचे धाकटे भाऊ. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण हा मधला. घरात त्याला सगळे 'म्हातारा' म्हणायचे. माझ्या आजोबांनी, आबांनी, तो घेतला तेव्हाही तो काही तरुण नव्हता.

भांडण ऐकलं तर हसाल. अप्पा खालचं सपाट शेत नांगरायचे, तेव्हा म्हातारा दिवसभर गुणी लेकरासारखा चालायचा. काका ट्रॉली जोडून वरच्या तुकड्यावर दगड, लाकूड, खत न्यायचे, तेव्हा तो उकळायचा. उकळला की हेड गॅस्केट जळायचं. इंजिनाचं धड आणि डोकं यांच्यामध्ये बसणारा पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट. आग आत ठेवायची, पाणी पाण्याच्या जागी ठेवायचं, तेल तेलाच्या, एवढं त्याचं काम. ते जळलं की सगळं एकमेकांत मिसळतं आणि इंजिन बसतं. तिसऱ्यांदा जळलं तेव्हा अप्पा चार लोकांदेखत म्हणाले, "पाणी न बघता हाकतोस."

"चार बोटं खाली भरलं होतं, दादा," काका म्हणाले.

"खोटं बोलतोस."

संपलं. 'निष्काळजी' म्हटलं असतं तर काकांनी गिळलं असतं, पण 'खोटं' घशाखाली उतरेना. म्हातारा शेडमध्ये गेला आणि दोन भाऊ एकमेकांना पाण्यात पाहू लागले. इतकी वर्षं एकच अंगण झाडलं जायचं, पण अर्धं अर्धं.

आता काका-काकू घर सोडून त्यांच्या मुलीकडे, लांबच्या शहरात कायमचे चालले होते. रविवारी सामानाचा ट्रक येणार होता. तो मोठ्या रस्त्यावरच थांबणार, कारण तिथून आमच्या अंगणापर्यंत येणारी वाट अरुंद आणि चांगलीच उताराची आहे. सामान हातगाड्यांनी वर चढवायचं ठरलं होतं. आणि अप्पांनी जाहीर केलं होतं, "तो गेला की म्हाताऱ्यालाही भंगारवाल्याला देऊन टाकतो."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. थंड करणं हाच माझा धंदा, आणि एखादी वस्तू थंड का होत नाही हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. इतकी वर्षं माझ्याच घरात एक इंजिन एकाच्या हातात थंड राहतं आणि दुसऱ्याच्या हातात उकळतं, आणि कुणी 'का' विचारलं नाही! मी दुकानाला कुलूप लावून आले.

"भंगारात द्या, नाहीतर लोणचं घाला," मी अप्पांना म्हटलं, "पण आधी मी तो उघडून बघणार."

"त्यात बघायचंय काय? पाण्यावाचून जाळला, झालं."

"कोणी जाळला ते नका सांगू. का जळला ते मला बघू दे."

काकूला कळल्यावर ती खिडकीतूनच ओरडली, "आली का भोचक भवानी! अगं, म्हातारा म्हणजे नक्की कोणता उघडतेयस? आमच्याकडेही एक आहे, तोही चालू होत नाही."

खरं सांगते, मला नुसतं 'का' एवढंच नको होतं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन काकांनी अख्खं गाव दाखवलंय. तो माणूस खोटारडा हा शिक्का घेऊन घर सोडणार, हे मला सहन होत नव्हतं. शिक्का खरा असता तर गोष्ट वेगळी. पण खरा आहे की नाही, हे तरी कुणी तपासलं होतं?

मी तेलाचा बोल्ट सोडला. खाली काळं तेल यायला हवं, तर दुधाळ चहासारखं काहीतरी आलं. म्हणजे पाणी तेलात उतरलं होतं. हेडचे नट गंजून बसले होते. त्यांच्यावर रॉकेल ओतत, पान्यावर पाइप चढवून, माझ्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द उच्चारत मी ते एकेक सोडवले. हेड उचललं. मधल्या दोन सिलिंडरांच्या बरोबर मध्ये गॅस्केट जळून काळी चीर पडली होती. हेडच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरून मागून बॅटरी मारली, तर पट्टीखालून उजेडाची रेघ आली. तापून डोकं वाकडं झालं होतं.

ओसरीवर अप्पा पेपर उलगडून बसले होते. तासाभरात एकही पान उलटलं गेलं नव्हतं.

"वाकलंय ना?" त्यांनी पेपराच्या आडून विचारलं.

"वाकलंय."

"मग? मी काय म्हणत होतो?"

"अप्पा, ताप आलाय हे मलाही दिसतंय. मी रोग शोधतेय."

रोग शोधणं सोपं नव्हतं. या म्हाताऱ्याला पाणी फिरवायला पंपच नाही. जुनी पद्धत. इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, वरच्या रबरी नळीतून रेडिएटरच्या डोक्यात जातं, तिथून जाळीतून खाली उतरता उतरता थंड होतं आणि खालच्या नळीने परत इंजिनात शिरतं. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. मला ही युक्ती इतकी आवडली की मी काम सोडून नुसती बघत बसले. मग वाटलं, जाळी तुंबली असेल. रेडिएटर काढून त्यात बादलीभर पाणी ओतलं. धो धो खाली आलं. इंजिनाच्या आतल्या वाटा तारेने खरवडल्या. थोडा गंज निघाला, पण वाट अडेल इतका नाही. पंख्याचा पट्टा घट्ट होता. नळ्या साबूत होत्या.

म्हणजे सगळं ठीक, आणि तरी उकळतो. माझी अशी चिडचिड झाली की काकूने आणलेला चहाही मी थंड करून प्यायले.

"तुझ्या धंद्याला शोभतं," काकू म्हणाली.

संध्याकाळी काका शेडच्या त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. पत्र्याकडे बघत म्हणाले, "लेथवाल्याकडून हेड तासून आण. आणि गॅस्केट कोरडंच बसव, काही फासू नकोस."

अप्पांच्या बाजूने आवाज आला, "सांग त्यांना, तुला कळतं तेवढं."

"सांग त्यांना," काका म्हणाले, "मी पुतणीशी बोलतोय."

दोघांच्या मध्ये मी, हातात पाना. तो कुणाच्या डोक्यात घालावा हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला असं नाही.

लेथवाल्याने हेडचा तळ तासून सपाट करून दिला. नवीन गॅस्केट आणलं. हेड वर ठेवून मी नट आवळायला घेतले. घाईत कडेच्या नटाला पाना लावला, आणि ओसरीवरून गर्जना झाली, "मधून! मधून बाहेर!"

अप्पांनी पेपर फेकला आणि चप्पल न घालता ते शेडमध्ये आले. आधी मधले नट, मग त्यांच्या शेजारचे, असं फिरत फिरत कडेला जायचं, आणि एका दमात नाही, थोडं थोडं तीनदा. कडेपासून सुरू केलं तर मध्ये फुगा राहतो आणि तिथेच जळतं. हे मला ठाऊक होतं, पण मी तसं बोलले नाही. कारण अप्पांनी पाना हातात घेतला होता आणि त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी असा मोकळा दिसत होता. दर नटाला ते कान लावल्यासारखं डोकं वाकडं करत होते.

पाणी ओतायची वेळ आली. मी कॅन उचलला.

"चार बोटं खाली," अप्पा म्हणाले.

"चार बोटं खाली," पत्र्यापलीकडून काका म्हणाले.

दोघांच्या तोंडून एकच वाक्य, एकाच वेळी! काकूने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. हा आबांचा नियम. रेडिएटरच्या तोंडात चार बोटं आडवी धरायची, करंगळीच्या खाली पाणी राहिलं पाहिजे. पाणी तापून फुगतं, त्याला जागा हवी, म्हणून. आमच्या घरात माणसं देवाला विसरली असतील, पण चार बोटांना नाही.

हँडल मारलं. म्हातारा दोनदा खोकला, तिसऱ्यांदा सुरू झाला. अप्पा स्वतः बसले आणि खालच्या सपाट शेतात नांगर टाकून फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. मी मागे धावत दर फेरीला रेडिएटरला हात लावून बघत होते. वरचा भाग कडक गरम, खालचा कोमट. म्हणजे पाणी फिरत होतं. जराही वाफ नाही.

थंड झाल्यावर अप्पांनी सगळे नट पुन्हा एकदा आवळून घेतले. मग काकांच्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघितलंस? तेच इंजिन, तेच पाणी. माणूस बघून उकळतं ते."

 मी काकांना सोडवायला आले होते आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने आवळून दिला होता. खिडकीत काका एका खोक्याला सुतळी बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. गाठ मारली आणि पुढचं खोकं ओढलं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही ते नाहीच. सकाळी उठून मी सरळ काकांच्या दारात गेले.

"काका, चला. म्हाताऱ्यावर बसा."

"कशाला? अजून एकदा फजिती करायला?"

"तुम्ही नेहमी न्यायचात तसाच न्या. तीच वाट, तशीच ट्रॉली. मी मडगार्डवर बसते. वाफेची जराशी शीळ ऐकू आली की बंद करू."

"नको गं. दोन दिवस राहिलेत. जाऊ दे आता."

तेव्हा काकू हातातली कढई खोक्यावर आदळून म्हणाली, "जा की! इतकी वर्षं रात्री कूस बदलत मला सांगितलंत, 'मी भरलं होतं, मी भरलं होतं.' मला सांगून काय उपयोग? मी काय ट्रॅक्टर आहे?"

काका उठले. ट्रॉलीत आम्ही फरशीचे तुकडे भरले. पाणी काकांनी स्वतः बघितलं. चार बोटं आडवी, करंगळीच्या खाली पाणी. मी माझी बोटं घालून खात्री केली. अप्पा ओसरीवर उभे होते, तेही बघत होते.

वरच्या तुकड्याकडे आणि मोठ्या रस्त्याकडे जाणारी ती एकच वाट आम्ही चढू लागलो. म्हाताऱ्याचं नाक वर, ट्रॉली मागे ओढतेय, काका हळू आणि नेमकं चालवतायत. इतकं जपून चालवणारा माणूस निष्काळजी असेल हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. निम्मी वाट झाली आणि नाकासमोर बारीक शीळ वाजली. मग झाकणाच्या कडेने वाफेचा धागा.

काकांनी झटकन इंजिन बंद केलं. चाकामागे दगड लावला आणि वाटेच्या कडेला खाली बसले.

"बघ," ते म्हणाले, "आहेच काहीतरी माझ्या हातात."

त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. पण त्या दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न होता. हातात काही नसतं. पाणी कुणाचा हात आहे ते बघत नाही. सपाटीवर फिरणारं पाणी इथे का थांबलं? मी रेडिएटरला हात लावला. वरचा भागही जेमतेम कोमट! इंजिन उकळतंय आणि रेडिएटर थंड. म्हणजे गरम पाणी इथवर पोचतच नव्हतं.

वाफ पूर्ण बसेपर्यंत थांबलो. मग फडकं धरून झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि बघत राहिले. आत, मागच्या बाजूला, वरच्या नळीचं तोंड होतं. ते उघडं पडलं होतं. पाणी त्याच्या खाली होतं.

"काका, इकडे या. बघा."

त्यांनी बघितलं. "वाफेने कमी झालं असेल."

"एवढ्याशा वाफेने? थांबा. आता उतरणीला लागू. इंजिन बंदच राहू दे, ब्रेकवर सोडा."

आम्ही दगड काढला आणि ट्रॉलीसकट म्हाताऱ्याला ब्रेकवर मागे मागे सपाटीवर आणलं. अंगणात पोचताच मी पुन्हा आत डोकावले. पाणी नळीच्या तोंडाला लागलं होतं. अर्धं तोंड बुडालं होतं.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की काकू कढईसकट बाहेर आली. चढावर नाक वर झालं की पाणी मागे, इंजिनाकडे सरकतं. रेडिएटरमधली पातळी खाली जाते. नळीचं तोंड उघडं पडलं की इंजिनातून चढणारं पाणी तिथवर पोचणार कसं? फेरा तुटला. पंप नाही, ढकलणारं कुणी नाही. इंजिनात पाणी आहे, रेडिएटरमध्ये पाणी आहे, आणि तरीही इंजिन जळतं. सपाटीवर अप्पांचं तोंड बुडायचं, नळीचं म्हणते मी, म्हणून त्यांचा कधी उकळला नाही. चार बोटं दोघंही भरत होते. दोघंही खरं बोलत होते.

"म्हणजे आबांचाच नियम चुकीचा?" काका हळूच म्हणाले. "आबाही हीच वाट चढायचे गं. त्यांचा नाही कधी उकळला."

 मी विचारलं, "आबांच्या वेळचं यातलं काय बदललंय?"

 काकांनी शेडच्या आढ्याकडे बघितलं. तिथे दोन वाशांवर, धुळीखाली, जुना रेडिएटर आडवा पडला होता. अप्पा आयुष्यात काही टाकत नाहीत. तो गळायला लागला तेव्हा अप्पांनी कुठल्याशा दुसऱ्या ट्रॅक्टरचा रेडिएटर शोधून आणला होता, त्याच्या पत्र्याच्या पकडी वाकवून, नळ्या कापून स्वतः बसवला होता, आणि त्याचं कौतुक आम्ही लहानपणी कितीदा तरी ऐकलं होतं.

मी शिडी लावून जुना खाली घेतला आणि दोन्ही रेडिएटरांची डोकी, म्हणजे वरच्या टाक्या, ताडून बघितली. जुन्याचं डोकं खोल. चार बोटं सोडली तरी नळीचं तोंड आणखी बरंच खाली. नव्याचं डोकं उथळ, त्यात चार बोटं सोडली की पाणी तोंडाच्या काठाशीच. आबा बरोबर होते. रेडिएटर बदलला, आणि नियम तसाच राहिला.

मागे चप्पल वाजली. अप्पा आले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण मी हळू बोलणाऱ्यांतली नाही. ते वाकले. जुन्या रेडिएटरच्या तोंडात त्यांनी आपली चार बोटं आडवी घातली, मग नव्यात. नव्यात त्यांची करंगळी नळीच्या काठाला लागली असावी, कारण ती तिथेच थांबली. कितीतरी वेळ त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"अप्पा," मी म्हटलं, "बोला ना आता काहीतरी."

"गप," ते म्हणाले आणि घरात गेले.

मी इतकी चिडले की सांगता येत नाही. साप साप म्हणत इतकी वर्षं भुई धोपटली, आणि भुईला एक शब्द नाही? मी मागून जाणार होते, पण काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मला कळलं ना. बास."

बास कसलं? मला तर काहीच बास वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी ट्रक वर मोठ्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. हॉर्न ऐकू आला. काकांच्या अंगणात खोकी, कपाट, गाद्या, काकूच्या कढया. दोन हातगाड्या आल्या होत्या आणि हातगाडीवाले कपाटाकडे बघून मान हलवत होते. एवढ्यात शेडमधून घरघर ऐकू आली. अप्पांनी म्हाताऱ्याला बाहेर काढलं. ट्रॉली त्यांनी पहाटेच फरशी उतरवून, झाडून ठेवली होती. त्यांनी ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध आणला, झाडूची ती अदृश्य रेघ ओलांडली आणि काकांच्या पायरीशी थांबवून बंद केला.

खाली उतरून त्यांनी पाण्याचा कॅन उचलला. आता मला म्हणणार, 'सांग त्यांना', असं वाटून मी पुढे झाले. त्यांनी मला बाजूला केलं.

"धाकट्या," अप्पा म्हणाले. ही हाक त्या अंगणात ऐकू येऊन युगं झाली होती. "पाणी भर."

काकांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. कॅन घेतला. झाकण उघडलं. मग सवयीने त्यांची चार बोटं तोंडाकडे गेली आणि अर्ध्यात थांबली. त्यांनी अप्पांकडे बघितलं.

"किती भरू, दादा?"

 सवयीने उचललेली चार बोटं अप्पांनी मिटून घेतली.

"तू सांगशील तेवढं," ते म्हणाले.

काका ओतत राहिले. नळीचं तोंड बुडालं, पाणी वर आलं, काठाला लागलं, काठावरून सांडलं आणि अप्पांच्या पायावर पडलं. अप्पा हलले नाहीत. काकूने तोंडाला पदर लावला होता आणि ती एकही टोमणा मारत नव्हती, यावरून काय ते समजा.

कपाट ट्रॉलीत चढलं, गाद्या चढल्या. काका सीटवर बसले आणि अप्पा, या वयात, मडगार्डवर. मी मागून चालत होते. म्हाताऱ्याचं नाक वर झालं, वाट सुरू झाली. निम्म्या वाटेवर, जिथे शीळ वाजली होती तिथे, अप्पांनी खाली उतरून, बरोबर चालत रेडिएटरवर हात ठेवला. तो वरपर्यंत गरम असणार. चटका बसत असूनही त्यांनी तो लगेच काढला नाही, मग पुन्हा मडगार्डवर चढून काकांच्या कानाशी काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, आणि मी, भोचक भवानी, आजपर्यंत दोघांपैकी कुणालाही ते विचारलेलं नाही.